धाकटीचे दोन टक्के

दारावर दोनदा टकटक झाली आणि मी शेंगा सोलत होते तशीच सोलत राहिले. ती टकटक मी झोपेतही ओळखली असती. दोनदा वाजवायचं, मग गप्प उभं राहायचं, तिसऱ्यांदा वाजवायचं नाही. ही शिस्त तिला मीच लावलेली. शेवटी मुलगा उठला आणि त्यानं दार उघडलं.

"या काकू, या," तो म्हणाला. इतका गोड आवाज त्याच्या गळ्यात आहे हे मला त्या दिवशी कळलं.

माझी धाकटी जाऊ आत आली. कुणाच्या लग्नात, कुणाच्या आजारपणात ती दिसायची, नाही असं नाही. पण या उंबऱ्याच्या आत तिचं पाऊल पंचवीस वर्षांनी पडत होतं. इथून गेली तेव्हा काडीसारखी होती. आता अंगानं भरली होती. खांद्याला कातड्याची पिशवी, गळ्यात दोरीला अडकवलेलं पेन, आणि केस सगळे पांढरे, तसेच ठेवलेले. मी दर पंधरा दिवसांनी बशीत रंग कालवते, आणि हिला पांढरे केस शोभत होते. देवानं कुणाला काय द्यावं याला काही धरबंध नाही.

सून पाणी घेऊन धावली. माझ्यासाठी ती चालते.

घर विकायचं होतं. नवरा गेल्यावर ते माझ्या नावावर आलं होतं. मुलानं शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला होता आणि त्याच्या हप्त्यांखाली तो वाकला होता. माझे गुडघे जिना चढेनासे झाले होते. ठरलं असं की घर विकायचं, त्यातले तीस लाख मुलाच्या कर्जाला द्यायचे आणि उरलेल्यात मी त्याच्या इमारतीजवळ तळमजल्यावर स्वतःची एक खोली घ्यायची. सुनेच्या घरात कोपऱ्यात बसून तिच्या तोंडाकडे बघत जेवायची माझी तयारी नव्हती. मला माझं दार हवं होतं, माझी कडी हवी होती. बेचाळीस वर्षं ज्या बाईनं आपल्या हातानं दार उघडलं आणि लावलं, तिनं दुसऱ्याच्या घरात बेल वाजवायची म्हणजे काय?

आणि या भागात घर विकायचं तर धाकटीशिवाय पान हलत नाही असं मुलाचं म्हणणं होतं. मी तीन दुसरे दलाल सुचवले. तिघांनीही मुलाला तिचाच फोन नंबर दिला.

तिनं घर पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, भिंतींवरून हात फिरवला, नळ सोडून बघितले, वरच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळानं खाली आली. मग म्हणाली, चौसष्ट सांगू, साठाला देऊ, साठाच्या खाली उतरायचं नाही. तिचे दोन टक्के आमच्याकडून, व्यवहार पुरा झाल्यावर. नाही झाला तर एक पैसाही नको, मग तिनं पन्नास माणसं आणलेली असोत. घेणाराही दोन टक्के देतो, ते त्याच्या दलालाला. घेणाऱ्याला दलाल नसला आणि तो तिचंच गिऱ्हाईक असला तर दोन्ही बाजू तिच्या.

मी मनात हिशेब केला. शाळेत मी तिसरीपर्यंतच गेले, पण आकडे माझ्यापुढे कधी लपले नाहीत. एक लाख वीस हजार.

"दार उघडायचे एक लाख वीस हजार?" मी म्हटलं.

"दार उघडायचं फुकट, ताई," ती म्हणाली. "पैसे आहेत ते दार बंद करायचे."

मुलगा हसला. सून हसली. मी शेंगा सोलत होते.

मग मुलानं चाचपून पाहिलं. काकू, घरच्या माणसांना थोडं कमी करता आलं तर, वगैरे. "नाही रे," ती म्हणाली, चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज. तिनं कागद काढला. तीन महिने घर फक्त तिच्याकडे, असं त्यात होतं. पुढे बारीक अक्षरांच्या चार ओळी होत्या. त्या तिनं वाचून दाखवल्या, पण मी ऐकल्या नाहीत, मी तिचा हात बघत होते. बोटं स्वच्छ, नखं एकसारखी कापलेली. या हातांना मी राखेनं भांडी घासायला लावली होती. मी सही केली. माझी सही म्हणजे एकेक अक्षर उभं करायचं. ती होईपर्यंत तिनं नजर खिडकीबाहेर ठेवली, आणि तिच्या त्या समजूतदारपणाचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

जाताना तिनं किल्ली मागितली. दलालांकडे एक किल्ली असते, गिऱ्हाईक केव्हाही येतं.

"किल्ली कशाला?" मी म्हटलं. "मी घरातच असते. वाजव, मी उघडीन."

सुनेनं कपाळाला हात लावला. धाकटी पिशवी बंद करत म्हणाली, "चालेल. मला सवय आहे."

*

सवय आहे, हे खरं होतं. माझा नवरा थोरला, कमावता, घर त्याच्या नावावर. दीर धाकटा, छापखान्यात कामाला. लग्न झालं तशी दोघं वरच्या खोलीत राहिली. अकरा वर्षं. घराला किल्ली एकच, ती माझ्या कमरेला. धाकटी बाहेर गेली तर परत येऊन दोनदा वाजवायची आणि उभी राहायची. कधी मी न्हायला गेलेली असायचे, कधी डोळा लागलेला असायचा, आणि कधी, आता लपवून काय करायचं, जागी असायचे. सासू म्हणायची, तिलाही एक किल्ली करून दे. सासूला धाकटी आवडायची. पाय चेपायला धाकटी, केस विंचरायला धाकटी. मी स्वयंपाक करायचे तो मात्र सगळ्यांना नुसता जेवायला हवा असायचा. मी किल्ली करून दिली नाही.

मग दीर गेला. तीन दिवसांचा ताप. मूलबाळ नव्हतं. चार महिन्यांनी मी म्हटलं, मुलाला अभ्यासाला जागा हवी, वरची खोली लागेल. एवढंच म्हटलं. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली, आणि धाकटीनं एक पेटी भरली. माझ्या मनात होतं, माहेरी जाईल. ती गेली एका म्हाताऱ्या दलालाकडे. गिऱ्हाईक यायच्या आधी रिकाम्या घरांचा केर काढायचं काम. मला हे कळलं तेव्हा मी एक आठवडा बरी जेवले.

केर काढता काढता ती घरं दाखवायला लागली. म्हाताऱ्याचे डोळे गेले तेव्हा त्याचे कागद वाचायला लागली. तो वारला तेव्हा त्याच्या गाळ्याचं भाडं भरायला लागली. लोकांच्या तोंडून हे सगळं माझ्यापर्यंत यायचं. प्रत्येक जण मला आनंदाची बातमी असल्यासारखं सांगायचा.

*

तर गिऱ्हाइकं यायला लागली. टकटक, टकटक. मी उठायचे, कडी काढायचे. ती पायरीवर उभी असायची, मागे दोन-तीन अनोळखी तोंडं. प्रत्येकाकडून आधी एका जाड वहीत नाव, तारीख, सही. मग पायताणं काढून आत. मी खुर्चीत बसून ऐकत असायचे.

काय सांगावं, माझ्याच घराबद्दल तिला मला ठाऊक नसलेल्या गोष्टी माहीत होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुपारी वारा येतो आणि तो थेट जिन्यावर जातो, म्हणून वरची खोली उन्हाळ्यात तापत नाही. तिसरी पायरी वाजते, म्हणजे रात्री कोण वर गेलं ते खाली कळतं, तरुण मुलं असतील त्यांना उपयोगी. लोक हसायचे. बायका तिचा हात धरायच्या. कुणी माझा हात धरला नाही. बेचाळीस वर्षं मी ज्या फरशीवर गुडघे झिजवले ती फरशी कुणाच्या नजरेत आली नाही, आणि हिनं दोन वाक्यांत जिना विकायला काढला.

त्यात तिनं मला माझी खोलीही शोधून दिली. मुलाच्या इमारतीपासून एका वळणावर, तळमजला, पूर्वेला खिडकी, मोरीला उंच ओटा म्हणजे वाकायला नको. अठ्ठावीस लाख. तिनं शोधलेली म्हणून मी नाकं मुरडून पाहिली, पण एकही खोट सापडली नाही. मालकाला महिनाअखेर उत्तर हवं होतं. आणि खोली घेतली तर घेणारी म्हणून मी पुन्हा दोन टक्के द्यायचे, तेही तिलाच. विकताना द्या, घेताना द्या. त्या दिवशी परत येताना रिक्षात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिनंही तो मागितला नाही.

आणि मग आला तो दातांचा डॉक्टर. बायकोला घेऊन, धाकटीबरोबर. बायको गप्प, तो मऊ. बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायचा. वहीत सही केली, घर पाहिलं, छान आहे म्हणाला, गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली. धाकटी घंटा वाजवत नाही, म्हणून मी लगेच उघडलं. तो एकटाच होता, हातात फळांची पिशवी.

"मावशी, म्हटलं तुमच्याशीच बोलावं," तो म्हणाला. "घर तुमचं, पैसे माझे. मध्ये तिसरी बाई कशाला? तुमचेही दोन टक्के वाचतील, माझेही. त्यांचा कागद तीन आठवड्यांत संपतोय. तोवर थांबू, मग आपापसात करू."

खरं सांगते, मला पैशापेक्षा एकच चित्र दिसलं. धाकटी येते, दोनदा वाजवते, मी दार उघडते आणि सांगते, विकलं. तुझ्यावाचून विकलं. मी त्याला चहा केला.

दात काढणाऱ्या माणसाची जीभ कशी असते हे मला तेव्हा कळलं नाही. आधी तो बधिर करतो. एवढं सुंदर घर, म्हणाला, सोडवतं कसं तुम्हाला? मी मुलाच्या हप्त्यांचं सांगितलं. मग राहणार कुठे? मी खोलीचं सांगितलं, महिनाअखेरीचं सांगितलं. घर जुनं असून भिंती कोरड्या कशा हो? मी म्हटलं, कोरड्या कुठल्या, वर कपाटामागे बघा, शेजारच्या टाकीची ओल येते, आम्ही कपाट सरकवून ठेवलंय. आणि शेवटी त्यानं विचारलं, बाई साठाच्या खाली येत नाहीत, फार कसलेल्या दिसतात?

"तिला काय कळतंय," मी म्हटलं. "घराची मालकीण मी. मला विचारलं असतं तर मी अठ्ठावन्नलाही दिलं असतं."

त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्या दातांकडे बघून हसला.

पुढचे तीन आठवडे मी गुडघेदुखी पुढे केली. धाकटी गिऱ्हाईक घेऊन आली की मी आतून सांगायचे, आज उठवत नाही, परत कधीतरी आण. चारदा तिला पायरीवरून परत पाठवली. एकदा तिच्यामागे एक जाडजूड, कपाळावर चष्मा चढवलेली बाई होती, सोबत त्या बाईचा स्वतःचा दलाल, कानावर पेन खोचलेला. ती म्हणाली, एवढी लांबून आलेय, नुसती वरची खोली तरी बघू द्या. मी दार लावून घेतलं. लाकडाच्या पलीकडून धाकटीचा आवाज आला, "चला, त्यांना बरं नाही." आवाजात राग नव्हता. मला तो असायला हवा होता.

कागद संपायला दोन दिवस उरले तेव्हा डॉक्टर आला. या वेळी फळं नव्हती. म्हणाला, ओलीचा खर्च काढला, बराच येतोय. आणि तुम्हाला महिनाअखेरची घाई, मला नाही. छप्पन्न.

"अठ्ठावन्न ठरलं होतं," मी म्हटलं.

"ते तुम्ही म्हणाला होतात, मावशी. मी कुठे म्हणालो होतो?"

छप्पन्नातले तीस मुलाचे. उरले सव्वीस. खोली अठ्ठावीसची. मी हिशेब उलटा केला, सुलटा केला. दोन्हीकडून मला सुनेच्या फ्लॅटची बेल ऐकू आली.

मुलाला सांगायची सोय नव्हती. रात्रभर नाही झोपले असं सांगायला बरं वाटतं, पण मी झोपले, आणि सकाळी उठून चप्पल घातली.

*

तिचा गाळा झेरॉक्सच्या दुकानाला लागून. काचेचं दार. आत एक टेबल, एक बाक, आणि मागच्या भिंतीवर पाटी, तिला खिळेच खिळे. प्रत्येक खिळ्याला किल्ली, प्रत्येक किल्लीला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. शंभर तरी असतील. एवढ्या लोकांनी तिला आपल्या घराची किल्ली दिली होती.

काच ढकलायची की ओढायची ते मला कळेना. मी बोटानं वाजवली. दोनदा. तिनं मान वर केली, लगेच उठली आणि दार उघडलं. लगेच.

बाकावर आधी एक जोडपं बसलं होतं. मी त्यांच्यानंतर बसले. माझ्यासाठी तिनं त्यांना घाई केली नाही. पाऊण तास मी त्या किल्ल्या मोजल्या. एकशे सात.

मग मी सांगितलं. फळांपासून छप्पन्नापर्यंत. तिनं कागद पुढे ओढला, पेन उघडलं.

"काय काय सांगितलंत त्याला?" पोट बिघडल्यावर डॉक्टर काय खाल्लं ते विचारतो, तसं तिनं विचारलं.

"मुलाचे हप्ते."

"हं."

"महिनाअखेर. भिंतीची ओल."

"हं. आणि?"

"अठ्ठावन्न."

पेन थांबलं. "हे का सांगितलंत, ताई?"

मी किल्ल्यांकडे बघितलं. तुला काही कळत नाही हे त्याला दाखवायचं होतं, असं कसं सांगणार? "तोंडातून गेलं," मी म्हटलं.

ती सावकाश म्हणाली, "दार उघडून घर दाखवणं कुणालाही येतं. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांशी बोलू न देणं, हे माझं काम. त्याचे दोन टक्के." तिनं आमचा कागद काढून त्या बारीक ओळींवर बोट ठेवलं. तिनं दाखवलेल्या माणसानं कागद संपल्यावर सहा महिन्यांत घर घेतलं तरी तिचे पैसे द्यावे लागतात, माझ्याकडूनही आणि त्याच्याकडूनही. वहीत डॉक्टरची सही होती. म्हणजे माझे दोन टक्के वाचणारच नव्हते. ती नुसती गप्प बसली असती तरी दोन्ही बाजू तिच्या झाल्या असत्या.

आपली चूक आहे हे कळलं की मला दुसऱ्याची शोधावी लागते. मी म्हटलं, "तेव्हा मुलानं मागितलं होतं, थोडे कमी केले असतेस तर मी कशाला त्या दातवाल्याच्या नादी लागले असते? घरचंच काम होतं."

तिनं पेनाचं टोपण लावलं.

"घरचं काम मी तुमच्याकडे अकरा वर्षं केलं, ताई," ती म्हणाली. "म्हणून हे घरचं नाही."

बाहेर झेरॉक्सचं यंत्र चालू होतं. कागद बाहेर पडायचा, परत पडायचा. तिनं उठून मला पाणी दिलं आणि म्हणाली, डॉक्टरला आता सगळं माहीत आहे, त्याच्याकडून साठ येणार नाहीत. त्याला सोडा. उद्या दहा वाजता मी येते. तुमच्या गुडघ्यांना सांगून ठेवा.

*

दहाला दोन मिनिटं कमी असताना टकटक झाली. मी पहिल्या टकटकीलाच कडी काढली, दुसरी तिच्या बोटातच राहिली.

तिच्यामागे ती कपाळावर चष्मा चढवलेली बाई होती आणि तिचा तो कानावर पेनवाला दलाल. बाई शिवणाचे वर्ग चालवायची. तिला मुलींना बसवायला खोली हवी होती. धाकटी तिला सरळ वर घेऊन गेली. मीही मागे गेले, कठड्याला धरून, तिसरी पायरी वाजवत.

वर जाऊन धाकटीनं काय केलं असेल? पदर खोचला आणि कपाट भिंतीपासून ओढलं. मागची सगळी ओल उघडी पडली, हिरवी-काळी, ताटाएवढी.

"हे आधी बघा," ती म्हणाली. "शेजारची टाकी आहे. शेजारी ती दुरुस्त करून द्यायला तयार आहेत, मी काल त्यांच्याकडून लिहून घेतलंय. आता खिडकीकडे या."

बाई खिडकीकडे गेली. ऊन आत आलेलं होतं, जमिनीवर पसरलेलं.

"इथे सकाळी सातपासून दुपारपर्यंत दिवा लागत नाही," धाकटी म्हणाली. "काळ्या कापडावर काळा दोरा घालता येतो. या खोलीत राहिलेली बाई मला माहीत आहे. ती इथे बसून लोकांचे कपडे दुरुस्त करायची, घरात कुणाला न सांगता. तिचे डोळे अजून चांगले आहेत."

मला ते माहीत नव्हतं. अकरा वर्षं माझ्या डोक्यावर ती कुणाचे कपडे शिवत होती, आणि मी खाली किल्ली कमरेला लावून समजत होते की घरातलं सगळं मला ठाऊक आहे.

बाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला, जमिनीवरच्या उन्हात हात धरून बोटं हलवून बघितली. खाली येऊन दोन्ही दलाल ओट्याजवळ उभे राहिले आणि हळू आवाजात बोलत राहिले. मधेच तो बाईकडे जायचा, धाकटी माझ्याकडे यायची. मला तिनं एकच गोष्ट सांगून ठेवली होती, "काही बोलू नका." माझ्या आयुष्यात मी अर्धा तास गप्प बसल्याची दुसरी आठवण नाही. साठाला झालं.

बाई बाहेर रिक्षा बघत होती तेव्हा मी त्या पेनवाल्याला विचारलं, तुमचं दोघांचं वाटप कसं? तो म्हणाला, ज्याचं गिऱ्हाईक त्याचे पैसे. मला माझ्या गिऱ्हाइकाकडून, तुमच्या दलालबाईंना तुमच्याकडून. "दातवाला डॉक्टर त्यांचंच गिऱ्हाईक होता म्हणे," तो म्हणाला. "तो व्यवहार झाला असता तर दोन्ही बाजू त्यांच्याच."

आकडे माझ्यापुढे लपत नाहीत. छप्पन्नाला डॉक्टरला दिलं असतं तर धाकटीला सव्वादोन लाख. साठाला शिवणवाल्या बाईला दिलं तर एक लाख वीस. माझे चार लाख वर आणायला तिनं आपले लाखभर खाली घातले होते, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला वाटलं, आता यातही पुढे गेली. तिच्या केसांचा हेवा करता येतो, किल्ल्यांचा करता येतो. याचा कसा करायचा? पण मी केला.

खरेदीखत झालं त्या दिवशी तिनं दोन पावत्या फाडल्या. एक विकल्याची, एक खोली घेतल्याची. पूर्ण दोन टक्के, पूर्ण दोन टक्के. मी एक हजारही कमी म्हटलं नाही आणि तिनंही सोडला नाही. पैसे तिनं दोनदा मोजले. मी म्हटलं, "बरोबर आहेत." ती म्हणाली, "माहीत आहे," आणि तिसऱ्यांदा मोजले.

*

सामान टेम्पोत चढलं. मुलगा आणि सून पुढे निघून गेले होते. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसले, मांडीवर देवाचा डबा नाही की काही नाही, नुसती पाण्याची बाटली. धाकटी खिडकीशी आली. किल्ली नव्या मालकिणीकडे तिनंच पोचवायची होती, तसा रिवाज आहे म्हणाली, देणाऱ्याकडून दलालाकडे, दलालाकडून घेणाऱ्याला.

मी कमरेची किल्ली काढली. बेचाळीस वर्षांत ती इतकी गुळगुळीत झाली होती की हातातून निसटायची. ती तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं मूठ मिटली.

मग मला आठवलं, माझा चष्मा वरच्या खिडकीत राहिला. सकाळी शेवटचं ऊन बघायला वर गेले होते. मी सांगितलं. ती म्हणाली, "बसा तुम्ही, मी आणते," आणि रस्ता ओलांडून परत गेली.

घर रिकामं होतं. खिडक्यांचे पडदे काढलेले, पायरीवर सुतळीचा तुकडा पडलेला. ती पायरी चढली, पायपुसणं नव्हतं तिथे पाय पुसले, आणि दारावर दोनदा टकटक करून उभी राहिली. हात बाजूला, मान जरा खाली. मुठीत किल्ली.

ड्रायव्हर म्हणाला, "आत कोणी आहे का अजून?"

माझे गुडघे आपोआप उठायला लागले होते. हात कमरेला गेला. तिथे काहीच नव्हतं.